कोकंदचा पाळणेवाला

खान कुणाचे, यावरून
तोख्तासून उठून गेला, चहा अर्धाच टाकून.
"दूध आमच्या बायकांनी पाजलं," म्हणाला.
मिर्झोशरीफ म्हणाला, "दरबारात भाषा तर आमची."
उरलेले दोघे उझबेक;
त्यांचंही आपसांत जमेना.

मी वाळुंजीवर रंधा मारत होतो.
गोष्टीतला पाळणा सोन्याचा,
रानात सापडलेला. आत मूल.
कूळ सांगायला कुणी नाही.

नदीचं मूळ विचारू नये म्हणे.
आमच्या नदीचं तर शेंबडं पोरही सांगेल:
नारिन आणि कारादर्या.

मला एवढंच विचारायचं होतं,
त्या सोन्याला तळाशी भोक होतं का?
बोरूची नळी कशी बसवली?
रात्रभर कोरडं झोपलं का ते?

तोख्तासूनचा पेला अजून कोमट आहे.
नातवाचा पाळणा न्यायला
गुरुवारी यायचंय त्याला.