सात नंबरचा रॅक

सोहारच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
सर्व्हर-रूममध्ये अठरा अंश, बाहेर शेहेचाळीस.
माझी शाल इथेच असते, केबलच्या खोक्यावर.

काम तसं साधं होतं.
घरून, जहाजावरून, रजेवरून आत येणाऱ्यांची
आजवर वेगळी यादी, वेगळे पासवर्ड,
आणि ते सगळे पिवळ्या चिठ्ठ्यांवर, कीबोर्डच्या पोटाखाली.
सालिम बलूशी म्हणाला, हे बंद कर.
सकाळी ज्या नावाने टेबलावरचा संगणक उघडतात
त्याच नावाने रात्री लांबचा दरवाजाही उघडू दे.

म्हणजे दरवाजाने स्वतः कुणाला ओळखायचं नाही.
नाव घ्यायचं, थांबवायचं, आत विचारून यायचं:
हा आपला का?
आत कंपनीची डिरेक्टरी, झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत.
मध्ये एक निरोप्या.
निरोप्या खरा की तोतया, हे कळायला
दोघांत ठरलेला एक गुप्त शब्द.
तो मी निवडला. सांगणार नाही.
आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीशी त्याचा संबंध आहे, एवढंच.

पहिल्या दिवशी सगळेच नापास.
दुपारभर शोधलं, तर घड्याळ निघालं,
एक यंत्र सात मिनिटं मागे.
पाचाच्या वर फरक गेला
की ही एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत.
मी इथे भाजी चिरायला घेते
तेव्हा तिकडे आईचा ओटा पुसून झालेला असतो,
दीड तास, गेली अकरा वर्षं.
आमचं कसं चालतं, यंत्रांना समजावता येणार नाही.

घड्याळ लावलं. बिजू कोट्टायमहून आत आला,
आईच्या खाटेशेजारी बसून जहाजांचं वेळापत्रक लावलं त्याने.
सालिमने खजूर वाटले.

आणि मग नोंदींत एक नाव.
तिरोडकर, यशवंत. स्टोअर.
रात्री आठ दहा, म्हणजे कुडाळात नऊ चाळीस.
पासवर्ड बरोबर. गटात नाही.
ओळख पटली, परवानगी नाही.

मार्चमध्ये बत्तीस जण गेले, त्यांतले एक.
खोलीची चावी दिली, कार्ड दिलं, बूटसुद्धा परत केले,
डिरेक्टरीतलं नाव तेवढं खोडायचं राहिलं.
रोज एकदाच यायचे. दुसऱ्यांदा प्रयत्न नाही.
चोर असा येत नाही, नऊ चाळीस म्हणजे नऊ चाळीस.

शेवटी फोन केला.
"माका काय नको, बाई.
सात नंबरच्या रॅकची मोजणी अर्धी रवली,
तेवढी बघूची होती."

जेवणाच्या सुट्टीत खाली गेले.
बेअरिंगांचे खोके, तेलकट, वर त्यांचं तिरपं अक्षर.
उभ्याने मोजली. दोनशे चौदा.
कळवलं.
पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग, "दोनशे सोळा होती."

संध्याकाळी त्यांच्या नावापुढे खूण केली: खातं बंद.
सालिमला यादी हवी होती, आणि नियम मीच लिहिला होता.

आठ दहा. नोंद आली.
काल लिहिलं होतं, परवानगी नाही.
आज, असं खातं चालू नाही.
दोन्हींत किती अंतर आहे, ते मला इथे दिसतं.
त्यांना कुडाळात दिसत नाही.
बाहेरच्याला कारण सांगायचं नसतं,
दरवाजा दोन्ही वेळा एकच वाक्य म्हणतो,
तेही मीच लिहिलेलं:
सध्या आत येता येत नाही.

सध्या हा शब्द मी का घातला, आठवत नाही.

उद्या परत मोजीन.
बेअरिंग गोल असतात, घरंगळतात,
रॅकच्या मागे हात घालून कुणी बघितलं नसणार.