दरडोई

त्या वैशाखात आम्ही बेळगावच्या विहिरी मोजत होतो.
ओव्हरसियर शेषोपंत कालकुंद्रीकर काठावर, छत्री धरून,
आणि मी, दोर धरून, अर्धा आत.
दोराला हातागणिक गाठ,
पाचव्या गाठीला लाल चिंधी,
टोकाला शेरभर शिसं.
मी खालून ओरडायचो, "नऊ कोरड्या, दोन ओल्या!"
ते वहीत लिहायचे: पाणी, दोन हात.

चव्हाट गल्लीची विहीर जांभ्यात खोदलेली,
तळाशी एक कासव.
त्याच्यापुरतं पाणी होतं.
शहापूर सांगलीकरांचं, तिथं दोर न्यायचा नाही;
झरा कुणाच्या हद्दीतून येतो
हे झऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

कॅम्पातल्या घोड्यामागे आठ गॅलन,
हा आकडा वरूनच लिहून आला होता.
गावात किती, ते ठरायचं होतं.
साहेबाच्या कागदावर शब्द होता, दरडोई.
शेषोपंत म्हणाले, "बस गल्लीत. डोया मोज."

बसलो.
पहाटे चारपासून डोया येऊ लागल्या.
एकीवर दोन घागरी, वर कळशी,
चुंबळीखालचे केस झिजून गेलेले.
मलिकसाब पखाल्याचा बैल गेला, त्याला मोजावं की नाही कळेना.
एका दारात तो "नीरू" म्हणायचा, दुसऱ्यात "पाणी",
तिसऱ्या दारात नुसता खाकरायचा,
आणि तिन्ही दारांत पखालीचं तोंड तेवढंच उघडायचं.

बाळव्वा थांबली. मान न वळवता म्हणाली,
"काय लिवूलालास गा?"
"डोई."
"कुनाची? पिनाऱ्याची का व्हानाऱ्याची?"
असा रकाना वहीत नव्हता.

नाल्यापलीकडे एक विहीर राहिली.
शेषोपंतांनी छत्री फिरवली.
"ती नको. दोर बाटेल."

संध्याकाळी मी गेलो. का गेलो, ते आजही नीट सांगता येत नाही;
मोजणी अपुरी राहिली की मला झोप लागत नसे, एवढंच.
रायनाकानं कंदील धरला.
तेरा कोरड्या, अर्धी ओली.
"लिवणार कुठं?" त्यानं विचारलं.
मी तळहात दाखवला.
तो हसला नाही.
मग त्यानंच घरं सांगितली, घराघरातली माणसं सांगितली,
तान्ही पोरंसुद्धा. दोनशे चौदा.

दुसऱ्या दिवशी तोच दोर, पुरता न सुकलेला,
देवळाच्या तळ्यात उतरला.
तळ्याला काही झालं नाही.

बेरजेत मी दोनशे चौदा मिळवले.
शेषोपंतांनी दोनदा तपासलं,
"हातचा कुठला रे हा?" म्हणाले,
ऊन फार होतं, सही केली.

सहा वर्षांनी नळ आला.
पश्चिमेच्या तलावातून, बिडाचा, डांबर फासलेला,
रुंदी दरडोई हिशेबानं काढलेली,
म्हणजे दोनशे चौदा डोयांइतकी जास्त.
चौकाचौकात तोट्या. नारळ फुटले.
मलिकसाबनं बैल विकला, पखाल वाळत घातली,
ती अशी आखडली की भिंतीला टेकेना.
नाल्यापलीकडे तोटी नव्हती.

पण नाल्याच्या अलीकडचा सांधा गळू लागला.
त्या पट्ट्यात सांध्यांत शिसं ओतायला
मजूर कोण होते, ते हजेरीपटावर आहे.
रायनाकचं नाव तिसरं.

धार करंगळीएवढी, पण रात्रभर.
खाली एक घागर, तिच्यामागे दुसरी,
पहाटेपर्यंत रांग संपून जायची, चिखलात पावलं उरायची.

शेषोपंत मीटर बघून म्हणायचे,
"कुठंतरी पाणी मुरतंय."
तोवर दुरुस्तीची वही माझ्याकडे आली होती.
मी तारीख टाकायचो, सांध्याचा नंबर टाकायचो,
आणि पुढं लिहायचो:
पुढील महिन्यात.

अकरा वर्षं अक्षर बिघडू दिलं नाही.