हळू येणाऱ्यांसाठी

रविवारीही पेशींना भूक लागते.
म्हणून मी साडेसातला पंचवटीतून निघते,
रविवार कारंजावर चहाला न थांबता
कॉलेजच्या मागच्या दाराने तळघरात उतरते,
सदतीस अंशांवर ठेवलेल्या कपाटासमोर.
आत चपट्या बाटलीत, डाळिंबाच्या पातळ रसासारख्या पाण्यात
नमुना क्रमांक चौदा
तळाला चिकटून असतो.

वहीत नाव लिहायचं नसतं.
पण बोरस्ते मॅडम बोलून गेल्या:
पुंजाराम गांगुर्डे, एकावन्न, बँडमध्ये क्लॅरिनेट.
वरचे पुढचे दोन दात हलतात.
फुंकर तशीच आहे, बोटं तशीच,
टेकवायचं ज्यावर, तेच डगमगतं.
दोन हंगाम झाले, झांजा वाजवतात.

मला वाटायचं, दात म्हणजे पुरलेला खांब.
पण तो टांगलेला असतो.
मूळ आणि हाड यांच्यामध्ये केसाहून बारीक धागे,
तिरपे ताणलेले, हजारो;
घास चावताना दात किंचित खाली जातो, परत येतो,
झोळीतलं बाळ कूस बदलतं तेवढाच.
आधी धागे गेले. मग हाड.
दुखलं काहीच नाही.
एक्स-रेत मे महिन्यातला गोदाकाठ दिसतो:
पाणी उतरलेलं,
एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या.

हिरडी उघडून साफ केली की जागा भरते,
पण भरतं कोण?
हिरडीची वरची कातडी सगळ्यांत घाईची.
धावत येते, मुळाला बिलगते,
झालं म्हणते बरं.
हाड मागून येतं, धागे त्याच्याही मागून;
येऊन बघतात तर दार लावलेलं.

म्हणून मध्ये पडदा शिवायचा,
धावणाऱ्यांना बाहेर थोपवायचं,
आणि आत हळू येणाऱ्यांसाठी जागा धरायची,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी.

आमची भर एवढीच:
चौदा नंबरची अक्कलदाढ काढली,
तीस वर्षं नुसती बसून होती,
तिच्या मुळाला उरलेले धागे खरवडले
आणि पाच आठवडे वाढवले.
परक्याचं काही नाही त्यात.
आपलेच दात, आपलेच ओठ,
भांडण मिटवायची म्हण, इथे कामाला आली.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, वीज गेली
आणि इन्व्हर्टरने मान टाकली.
थर्माकोलचा डबा, कोमट पाण्याच्या पिशव्या,
मध्ये बाटल्या. चार तास
डबा मांडीवर घेऊन बसले.
वहीत लिहिलं: तापमानात किरकोळ फरक.
नऊ नंबर मेला. चौदा राहिला.
का, ते मला माहीत नाही.

शस्त्रक्रिया मी पाहिली नाही.
माझं काम दारापर्यंत.
नखाएवढा पापुद्रा, ओल्या सायीसारखा,
झाकणाखाली दिला आणि परत फिरले.

नऊ महिन्यांनी फिल्म आली.
डाव्या दाताला अडीच मिलिमीटर हाड.
उजव्याला जवळपास काहीच नाही.
मॅडम अडीचवर खूश.
गांगुर्डे खुर्चीतूनच म्हणाले,
"बाई, लग्नसराई धरू का मग?"
"धरा. पण सगळी रात्र नका वाजवू."
त्यांनी मान हलवली, वाजवणारच अशी.

परवा अशोकस्तंभाजवळ वरात अडली,
रिक्षा, टेम्पो, मी.
आधी पाहिलं, झांजांवर कोण आहे.
पोरगा होता, अठरा-एकोणीसचा.
क्लॅरिनेटवाला दिव्यांच्या गाडीआड,
चेहरा दिसेना.
सूर किंचित एका कडेने येत होता,
तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरल्यासारखा,
किंवा मला तसं वाटलं.
मागचे हॉर्न वाजवत होते.
मी स्कूटर बंद केली.