दोरी

कोरोमोच्या कारखान्यात
इसाकुच्या डोक्यावरून एक दोरी जाते.
ओढली, की सगळंच थांबतं —
पट्टा, पाने, पुढच्या साठ जणांचे हात.

आज ओढली त्यानं.
दाराच्या बिजागरीत एक बोल्ट तिरका बसलेला.

डेट्रॉइटचे पाहुणे घड्याळं काढतात :
दोन मिनिटं, वीस सेकंद.
किती गाड्या बुडाल्या, वहीत मांडतात.
फोरमन टोपी काढून म्हणतो, बरं झालं.

इसाकुची आई मागावर असायची.
धागा तुटला की माग आपोआप गप्प,
तेवढ्यात ती चहाचा घोट घ्यायची.
फाटकं विणायचं नाही,
एवढंच तिला ठाऊक.

पाहुणे गेले.
वहीत सगळं आहे, दोरीची जाडीसुद्धा.
ओढताना इसाकुच्या पोटात आलेला गोळा
तेवढा टिपायचा राहिला.