सोमवारचा फोन

प्रार्थना दहाला, साइमी येते आठला.
गाडी थांबते, दिवे विझतात,
दार मात्र उघडत नाही.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.
मी फावडं घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ काढतो,
काढलेलाच पुन्हा काढतो,
मी तिच्याकडे बघतोय असं वाटू नये म्हणून.

एकवीस वर्षं या चर्चच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
घंटा, भट्टी, मेणबत्त्या, उंदीर.
हाउकिलाम्पीत आता माणसं कमी, तळी जास्त.
पूर्वी गावाला एक पास्टर असे,
आता एका पास्टरला चार गावं,
मधे फिनलंडचं हे न संपणारं पाइनचं जंगल,
आणि रस्त्यात उभे रेनडिअर,
हलायचं नाव नाही.
नोव्हेंबरपासून सतरा अंत्यविधी.
बाप्तिस्मा एक.
त्या बाळाला बघायला लोक गोठलेली तीन तळी तुडवत आले.

एकदा विचारलं, या कामात कशी आलीस?
म्हणाली, बोलावणं आलं.
म्हटलं, ते म्हाताऱ्यांनाही येतं,
मीच त्यांचे खड्डे मोजून देतो.
ती हसली.
तेव्हा हसायची.

मग तो फेब्रुवारीतला रविवार.
बाहेर उणे अठ्ठावीस, आत आम्ही अकरा.
साइमी वर चढली, कागद उघडला,
पुन्हा घडी घातला.
"आज माझ्याकडे काही नाही,"
असं म्हणाली, कागदावर तेच लिहिलं असावं तशी.

आम्ही गप्प बसणारी माणसं.
मासे धरताना गप्प, लग्नात गप्प,
घटस्फोटातही फारसं बोलत नाही.
पण ही शांतता ओळखीची नव्हती.
वसंतात तळ्यावर पाऊल टाकावं
आणि खालून बारीक आवाज यावा,
त्यानंतरची होती.

ओस्मो, जो स्वतःच्या लग्नात "हो" म्हणाल्यानंतर
या छताखाली कधी बोलला नव्हता,
तो म्हणाला,
"मग खाली ये. बस."

ती आली.
तिसऱ्या बाकावर केर्ट्टूशेजारी बसली.
केर्ट्टूनं आपला एक हातमोजा काढून तिला दिला.
एकच. दुसरा स्वतःच्या हातात ठेवला,
थंडी दोघींनाही होती.
ऑर्गनवरच्या पोराला काय करावं कळेना,
त्यानं काही वाजवलं नाही,
ते बरंच झालं.
भट्टी बंद पडेपर्यंत बसलो.
आशीर्वाद कोणी दिला नाही.
मग कॉफी झाली,
सोबत वेलदोड्याचा पाव, जरा करपलेला.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही.
गाडी अजूनही थांबते, दार अजूनही उशिरा उघडतं.
गुरुवारी काजानीला डॉक्टरकडे जाते,
कोण नेतं ते आम्ही आपसात ठरवतो,
तिला विचारत नाही.
आणि सोमवारी तिचा फोन माझ्या खणात असतो,
खिळ्यांच्या डब्याशेजारी.

पहिल्या सोमवारी वाजला तेव्हा मी चमकलो.
"पास्टर आज नाही. मी आहे."
"तू? तू तर घंटा वाजवतोस."
"हो."
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हातारा पेंटी म्हणाला,
"काही नाही रे. गुडघा धरलाय, येता येत नाही.
हिच्या थडग्यावरची मेणबत्ती जळतेय का, एवढंच."
"थांब," म्हटलं.

टोपी घातली, कंदील घेतला.
बर्फ मांडीपर्यंत.
मेणबत्ती कधीच विझली होती,
काचेच्या आत बर्फाची टोपी घालून बसली होती.
काडी तिसऱ्या वेळी पेटली.
परत येऊन फोन उचलला,
तो अजून तिकडे होता.

"जळतेय," मी म्हणालो.
तोवर ते खरं झालं होतं.