तीन आणि दोन

सावद्याला, केळी पिकवायच्या बंद पडलेल्या खोलीत
आमची तालीम चालते.
भिंतींना आतून थर्माकोल,
आवाज बाहेर जात नाही, वास आत राहतो.
मशीन बंद होऊन तीन वर्षं झाली
तरी ट्रंबोनचा पहिला सूर
अजून गोडसरच निघतो.

ट्रंबोन माझा. वरातीच्या बँडमधून आलोय,
कोट तोच, जरीचा, एका खांद्याला उसवलेला.
ढोलावर जुम्मा तडवी, पालचा.
पावरी फुंकणारा रतिलाल गावित
नवापूरहून पॅसेंजरनं येतो, कधी येतही नाही.
बेस गिटार हेमांगी भंगाळेकडं,
फैजपूरच्या पतपेढीत कॅशियर;
दिवसभर नोटा मोजून
संध्याकाळी बोटांना मोकळं सोडते.
बाकी दोन कर्णे, आणि बरकतचे काँगो,
आणि कुणाचा हात रिकामा असेल त्याच्या हातात किसणी,
घरातली, खोबऱ्याची. तारेनं खरवडायची.

काँगो भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लिलावातले.
त्याच पेटीत एक तबकडी निघाली,
वेष्टनावर सुटातले पाचजण, एक हसताना डोळे मिटलेला,
पाठीमागं समुद्र, आणि केळीच केळी.
नावं वाळवीनं खाल्ली होती.
गाणी तिला पचली नसावीत.

भाषा कळेना.
एक शब्द फिरून फिरून यायचा, कोरासोन,
बरकत म्हणाला, कोरं सोनं, दुसरं काय!
पुढं कळलं, काळीज.
आम्ही अजूनही कोरं सोनंच म्हणतो.

पण खरी अडचण त्या काठ्यांची.
सगळ्यांच्या मागं कुणीतरी दोन काठ्या वाजवतं,
तीन, मग दोन.
तीन, मग दोन.
ऐकायला पोराचा खेळ, धरायला गेलं की निसटतं.
हेमांगी कागदावर रेघा मारायची,
जुम्मा म्हणायचा, मोजलं की मरतं ते.
चार महिने दोघं एकमेकांशी फक्त किसणीतून बोलले.

मग एका दुपारी स्टेशनावर
वाघीण भरत होती.
घड हातावर, घड खांद्यावर, घड आत
आणि दम,
उचल, ठेव.
घड हातावर, घड खांद्यावर, घड आत
आणि दम.
जुम्मानं विडी विझवली.
आम्ही भेळ तशीच टाकून खोलीकडं पळालो.
तिकडं बोटी भरत असतील, इकडं वाघिणी,
पाठ मात्र तेवढीच वाकते.

पहिली सुपारी रावेरची, हळदीची.
वरण-बट्टीच्या पंगती उठलेल्या, घोटलेल्या वांग्यांचा वास,
मांडवाच्या खांबांना घडासकट केळी बांधलेल्या.
आम्ही सुरू केलं.
बेस जमिनीतून चालत गेला, पावरी त्याच्यावर
धुरासारखी वाकडीतिकडी,
कर्णे कडकडले, आणि मला वाटलं, झालं, आता उठतील सगळे.
उठला फक्त नवरदेवाचा मामा.
"काय वाजवू राह्यले भो हे?
काही आपलं वाजवा ना!"
हे आपलंच आहे, मी म्हणालो.
त्यानं माझ्या कोटाकडं पाहिलं.

एका पोराचा खांदा हलला तेवढा,
आईनं दाबून धरला.
मग आम्ही नेहमीची चार वाजवली, मांडव नाचला,
धूळ उडाली, टोप्या उडाल्या,
तरी हिशेबात अकराशे कापले.

रात्री एक वाजता टेंपोत सामान चढवत होतो.
कुणी बोलत नव्हतं.
ढोल दोरीनं बांधून झालेला.
मांडवामागं जनरेटरवाला उखर्डू
डिझेलच्या रिकाम्या डब्यावर पान्यानं काहीतरी वाजवत बसलेला,
मालकाची वाट बघत, स्वतःशीच:
दोन, मग तीन.
दोन, मग तीन.

उलटं.
मी सांगायला तोंड उघडलं
तर जुम्मानं माझं मनगट धरलं.
तबकडीच्या दुसऱ्या बाजूला असंच आहे,
हेमांगी हळूच म्हणाली,
आपण ती कधी लावलीच नाही.

जुम्मा ढोलाची गाठ सोडत होता.