आमसूल आधी

रबाळ्याच्या तिसऱ्या पाळीत
चार नंबरचा रिॲक्टर संध्याकाळपासून नुसता तापत होता.
आत अल्कोहोल, आत व्हिनेगरचं आम्ल,
एकाच चाळीतले, पण बोलणं नाही.
मग मोजून सल्फ्युरिक सोडलं, एवढंसं,
आणि तासाभरात
अख्ख्या शेडला पिकल्या केळ्यांचा वास.
सल्फ्युरिक मात्र हिशेबाला होतं तेवढंच.
लावालावी करून नामानिराळं.

लॉगबुकात लिहिलं : आम्लाने वेग वाढतो.
हात धुऊन कँटीनला गेले.

मढवीमावशी पातेल्यावर वाकलेल्या, कपाळाला आठी.
नव्या पोराने वालात आमसूल आधीच टाकलं होतं.
"आता बस उजाडेपर्यंत.
आंबट लागलं की दाणा हटून बसतो."
"सोडा घालू का चिमूटभर?"
"घाल. चिमटीचा अंदाज चुकला
की पिठलं म्हणून वाढ."

त्या कधी शाळेत गेल्या नाहीत.
त्यांच्या सासऱ्याची खाजणं
आमच्या टाक्यांखाली आहेत, म्हणतात.

वाल दाताखाली कचकचले.
सगळे संपवले, रस्सा मागून घेतला.

परत येऊन लॉगबुक उघडलं.
खोडलं नाही काही.
त्या ओळीपुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात :
कशाचा, ते बघून.